हातचा

चौथीच्या पुस्तकात एक व्यापारी आहे.
शहाण्णव संत्री घेतो, बारा सडतात,
उरलेली सहा टोपल्यांत सारखी भरतो.
त्याला नाव नाही, गाव नाही,
सडलेल्या बारांचं वाईटही वाटत नाही त्याला.
सर्जेकोटच्या पोरांचं त्याच्याशी काय नातं?
सॅव्हियो खिडकीतून होड्या मोजायचा.
बाकीचे गणित वाचायच्या आधीच विचारायचे,
"सर, अधिक करूचा की वजा?"

मी जतकडचा. ज्वारी कळते मला.
तारली कुठली आणि पेडवा कुठला
हे या पोरांनीच शिकवलं,
माझ्या चुका बोटांवर मोजत.

एका सोमवारी वर्गाच्या दाराला सुंभ बांधला आडवा.
फरशीवर खडूने टोपलीचा गोल,
गोलात चार खवले, एक ओलं पाऊल
(माझंच, पण चप्पल काढून),
आणि खिळ्याला एक चिठ्ठी:
पहिल्या होडीचे बांगडे अठ्ठेचाळीस,
दुसऱ्या होडीचे सदतीस,
पैसे मिळाले पंच्याहत्तरांचे.
खाली लाल खडूने: दहा बांगडे कुठे गेले?

सुंभाखालून वाकून आत आले सगळे,
आणि पहिल्यांदाच कोणी विचारलं नाही
अधिक की वजा.

संशय आधी मांजरावर.
"दहा खाल्ल्यार पोट फुटतला तिचा,"
हर्षदने मांजर सोडून दिली.
मग रिक्षावाला दिगंबर.
बांगडे गेले आठच्या ठोक्याला,
सव्वाआठला तो मालवणच्या स्टँडवर,
वाट वीस मिनिटांची.
फळ्यावर घड्याळ निघालं, काटे उलटे फिरले,
आठ वाजता दिगंबर रस्त्यातच होता.
सुटला. टाळ्या पडल्या.
मग सगळ्यांनी माझं पाऊल पट्टीने मोजलं.
साडेसव्वीस सेंटिमीटर.
खडूच्या खुणेशी जुळलं तेव्हा
मला खरंच घाम फुटला.

दुर्वा खवणेकर मागच्या बाकावर.
ती बोलते तेव्हा आधी ओढणीच्या टोकाशी बोलते.
तिने चिठ्ठी खिळ्यावरून काढली,
उजेडाकडे धरली, ओठ हलले.
"चोर भायर नाय, सर.
आठ नि सात पंधरा. पाच लिवले
आणि हातचो इसारले."

वर्ग गप्प.
मग सॅव्हियो बाकावर चढून ओरडला, "हातचो! हातचो चोर!"
आणि दिवसभर त्या शाळेत
एकमेकांना हातचो म्हणून पकडणं चाललं.

त्यानंतर व्यापाऱ्यालाही आम्ही नाव दिलं,
त्याची बारा संत्री कोणी सडवली
याचा तपास अजून चालू आहे.

पण सांगायचं होतं ते हे नव्हे.
गुरुवारी डस्टरखाली एक चिठ्ठी सापडली.
अक्षर कोणाचं ते कळू नये
म्हणून डाव्या हाताने लिहिलेली:
"शाळेत पोरां तेवीस.
खिचडीची ताटां धुवूक पडतत चोवीस.
चोर शोधा. घाई करू नका."

हजेरी मी दोनदा मोजली. तेवीस.
ताटं मोजली. चोवीस.
मावशी भांडी घासत राहिली,
तिने वर बघितलंच नाही,
आणि एवढं न बघणंही
पुरावाच असतो हे मी सोमवारी शिकवलं होतं.

दुपारी, पंगत उठल्यावर,
मागच्या सुरंगीच्या झाडाखाली गेलो.
दुर्वा बसली होती पाठमोरी.
शेजारी साडेतीन वर्षांचा एक जण,
गालाला खिचडी, मुठीत तिच्या ओढणीचं टोक.
आई सुकटीच्या खळ्यावर असते सहापर्यंत.
घरी कोण असणार?

त्याने मला बघितलं आणि ताट मागे लपवलं.

मी वर्गात परत आलो.
पोरं फळ्याकडे बघत बसलेली,
चिठ्ठी तिथे मीच उतरवली होती सकाळी.
"सर, गावलो चोर?"
म्हटलं, चोर कोणीच नाही.
बेरीज पुन्हा करू या.
तेवीस लिहिले.
पुढे अधिक.
मग खडू घेऊन तसाच थांबलो
कारण दाराशी, सुंभाच्या खिळ्याजवळ,
ती उभी होती,
आणि तिच्या हाताला धरून
हातचा एक.