किती तासांनी

वाशीमच्या कचेरीत साहेबानं विचारलं,
लस टोचल्यावर किती तासांनी?

पंचफुला म्हणाली,
कारंज्याची येष्टी गेल्ती.
वरण एकडाव उतू गेल्तं.
लेकरू मांडीवरच होतं, मंग त्यानं
डोये पांढरे केले.

साहेबानं येष्टीचं वेळापत्रक मागवलं.

माझ्या रजिस्टरात दहा चाळीस.
खाली सही माझीच, सिस्टर म्हणून.
'आधीपासून ताप होता का?' हा रकाना
त्या दिवशी कोराच राहिला;
समाजमंदिराबाहेर अजून एकोणीस लेकरं रडत होती,
बर्फ वितळत होता डब्यातला.

आता त्या रकान्यावर साहेबाचं बोट आहे.
हो म्हटलं तर तिचं गेलं,
नाही म्हटलं तर मला तरी कुठं आठवतंय?

पंचफुला माझ्याकडं बघते.

कारंज्याची गाडी तशीही
कधी वेळेवर येत नाही.