मान

छावणीतून ग्रेमा परत आला तो
एक आरसा, दोन कात्र्या, सरकारी वस्तरा
आणि सहा महिन्यांचं प्रमाणपत्र घेऊन.
बाजाराच्या टोकाला कडुनिंबाखाली त्याने खुर्ची मांडली.
अकरा दिवस झाले.
खुर्चीत फक्त धूळ बसते.
तो झटकतो. पुन्हा बसते.

गावाची चूक नाही.
केसाने गळा कापतात असं आम्ही नुसतं म्हणायचो,
इथे तर वस्तरा आहे,
आणि हात तोच.

मी इथला मास्तर. जळालेल्या शाळेचा,
म्हणजे आता कशाचाच नाही.
मागच्या आठवड्यात शहरातून एक बाई आल्या, कागद घेऊन.
मूळ कारण काय, असा प्रश्न होता
आणि खाली चौकोन: गरिबी. धर्म. बेकारी. इतर.
एकावरच खूण करा, म्हणाल्या.
मी पेन धरून बसलो
अभ्यास न करता परीक्षेला आलेल्या पोरासारखा.

कुठून सुरुवात करू, बाई?
चाड सरोवर मागे सरकलं तिथून?
ग्रेमाच्या बापाची होडी कधी हललीच नाही,
एका वर्षी ती पाण्यात होती, मग चिखलात,
मग बाजरीच्या शेतात.
की उरल्यासुरल्या पाण्यात जाळं टाकायला
सैन्याने बंदी घातली, तिथून?
की थोरला भाऊ कोलो
चौकीवर ओळखपत्र दाखवायला थांबला
आणि अजून थांबलेलाच आहे, तिथून?

मग मोटारसायकलवरून एक माणूस आला.
त्याने ग्रेमाच्या आईला, यागानाला, विचारलं, चूल पेटली का?
हे तिला आधी कुणी विचारलं नव्हतं.
धर्म फार नंतर निघाला.
आधी पैसे, मग बूट, मग फोन,
मग पोथीतल्या चार ओळी,
मधल्या दोन गाळून.

आणि एक चौकोन त्या कागदावर नव्हताच.
फी थकली म्हणून हजेरीपटात
त्याच्या नावावर रेघ मी मारली होती.
लाल शाईने. पट्टी लावून, सरळ.
रेघ मारणाऱ्याला कुठे कळतं
ती कुठवर जाईल.

याने माफ काही होत नाही.
चौकीवर भाऊ दहा घरांतले गेले.
नऊ घरांतल्या पोरांनी विटा पाडल्या, मिरची तोडली,
शाळा नाही जाळली.
हज्जा बिंतूचे दोन्ही मुलगे
मिरचीच्या पोत्यांमागे सापडले होते.
ती रोज या खुर्चीवरून जाते.
थुंकत नाही, बघत नाही,
चाल तेवढी मंदावते.

काल रात्री रेडिओवर कुणी शहाणा सांगत होता
पुढची वीस वर्षं कशी असतील,
कोणत्या देशात काय पेटेल,
आभाळातून कोण कुणावर नजर ठेवील.
पुढची वीस वर्षं माझ्या अंगणात खेळत होती:
हज्जाचा नातू, ग्रेमाची भाची,
काठीची बंदूक, चपलेचा फोन.
आज तू "ते" हो.
नाही, काल मीच होतो!
भांडण एवढ्यावरूनच.

आज सकाळी हर्मटनची धूळ उडत होती.
मी जाऊन खुर्चीत बसलो.
धाडस वगैरे नाही. दाढी वाढली होती,
आणि रेघ माझी होती.
त्याने फडकं बांधलं. गाठ दोनदा सुटली.
आरशात आम्ही दोघं आरशाकडेच बघत राहिलो.
वर करा, मास्तर, तो म्हणाला.
बत्तीस वर्षं वर्गात मान घेतला.
आज मान दिली.

कंठमण्यापाशी वस्तरा थांबला.
बाजारात कुणी माप घालत नव्हतं,
कुणी भाव करत नव्हतं.
थरथर होती, पण ती
पात्याची की गळ्याची, कोण सांगणार.
मग तो पुढे सरकला.
एका ठिकाणी लागलंच थोडं.
त्याने तुरटी दाबली, आणि दाबूनच धरली,
गरजेपेक्षा जास्त वेळ.

उठलो तर हज्जा बिंतू समोर उभी,
नातवाचं मनगट मुठीत.
पोराचे केस कानांवर आलेत.
ग्रेमा खुर्ची झटकतो आहे, धूळ नसताना.
पोरगं विचारतं, दुखतं का?
कुणाला विचारलं
ते तिघांनाही कळलेलं नाही.