कलम बेचाळीस

जेवणानंतरचा तास नेहमी माझ्या वाट्याचा.
हुमण-शीत पोटात घेऊन बसलेली पोरं,
करकरणारा पंखा, मांडवीकडून ओहोटीच्या चिखलाचा वास,
आणि फळ्यावर मी: औषधविषयक कायदे व व्यवसायनीती.
रसायनवाल्यांना प्रयोगशाळा मिळाली,
औषधनिर्माणाला गोळ्या पाडायचं यंत्र,
मला किल्ली हरवलेलं एक कपाट
आणि एकोणतीस वर्षं.

कुणी तयार नव्हतं, म्हणून मी.
आधी सक्तीनं, मग सवयीनं,
मग...
तो शब्द मला अजून सापडलेला नाही.

प्रबंध लिहिला विषाच्या नोंदवह्यांवर.
डिचोली, मडगाव, केपें, जुन्या दुकानांचे माळे पालथे घातले.
पोर्तुगीज वळणात अफूच्या अर्काचे थेंब,
पुढल्या पानांवर देवनागरीत उंदराचं औषध.
घेणाऱ्याच्या सहीच्या रकान्यात एक अंगठा होता,
इतका हलका टेकवलेला
की जणू परत उचलून न्यायचा होता.
चार जणांनी वाचला तो प्रबंध.
त्यांत एक मी.

बेचाळीसवं कलम दरसाल परीक्षेत येतं.
नोंदणीकृत औषधतज्ज्ञाखेरीज कुणीही
औषध मिसळू नये, देऊ नये.
यतीन मांद्रेकरनं ते सर्वांत सुरेख लिहिलं होतं.
दहापैकी नऊ.
एक का कापला, आठवत नाही.

परवा बेतीला फेरीबोटीतून उतरले, डोकं ठणकत होतं.
धक्क्यालगतच्या दुकानात भिंतीवर यतीन,
काचेआड, नोंदणी क्रमांकासकट.
गल्ल्यावर एक मुलगी, विशीसुद्धा नसेल.
"हे खंय आसात?"
"कोण?"
मी बोट दाखवलं.
"ते? ते दुबयत." आणि हसून,
"सर्टिफिकेट हांगा आसा न्ही."

माझ्या आधी एक म्हातारा होता, रापणीवरचा,
हाताला अजून मिठाचे चट्टे.
तिनं त्याच्या चिठ्ठीवरचं नाव दोनदा वाचलं,
पट्टीवरची तारीख उजेडात धरली,
पाकिटावर पेनानं सूर्य काढला, चंद्र काढला,
सूर्याखाली एक टिंब, चंद्राखाली दोन.
तो समजला.
हे मी कुणालाच कधी शिकवलं नव्हतं.

रात्री तक्रार लिहायला बसले.
पहिली ओळ कायद्याची. दुसरीही.
तिसऱ्या ओळीत म्हापसा आलं.

बाबा गेले तेव्हा मी सतराची.
दुकान बंद ठेवलं ते बाराव्यापर्यंत,
तेराव्याला शुक्रवार होता, बाजाराचा दिवस.
गल्ल्यावर पुरसोमामा, चौथी पास,
आणि त्याच्या डोक्यावर बाबांचं प्रमाणपत्र.
दहा महिने चाललं दुकान
मेलेल्या माणसाच्या सहीवर.
माझी कॉलेजची पहिली फी त्या दहा महिन्यांतली.
त्या फ्रेमची काच मी रोज पुसायचे,
ओल्या फडक्यानं, मग कोरड्या.
कायद्याची ओढ मला तिथं लागली
असं मुलाखतीत सांगता येत नाही.
सांगितलं होतं: समाजहित.

मामानं कधी कुणाला चुकीचं दिलं का?
मला माहीत नाही.
नोंद ठेवलेली नव्हती.
नोंद नसणं म्हणजे काय,
यावर मी एकोणतीस वर्षं प्रश्न काढत आलेय,
पाच गुणांना.

तक्रार पुरी केली. सकाळी जाऊन टाकली.
खाली माझं नाव, पद,
निवृत्तीला उरलेले दिवस एकोणीस,
हे मात्र लिहिलं नाही.
दुकानाचं नाव लिहिलं, यतीनचं लिहिलं.
मुलीचं मला ठाऊक नव्हतं,
आणि विचारलं नाही याचं बरं वाटलं.
मग बरं वाटल्याचं वाईट.

पुरावा म्हणून पाकीट जोडायचं होतं,
माझ्या डोकेदुखीच्या गोळ्यांचं.
तेवढं जोडलं नाही.
ते इथं आहे, टेबलावर, दिव्याखाली.
सूर्याची गोळी घेऊन झाली.
चंद्राची
अजून आहे.