हाताची घडी

पुण्याच्या एजंटनं पत्र तिसऱ्यांदा परत पाठवलं.
पहिल्यांदा 'जोडणी' खोडायला लावली, मग 'दुरुस्ती'.
आज फोनवर म्हणाला, मॅडम, चौथ्या ओळीत
'काम' राहिलंय बघा. तेवढं काढा.

काढलं.
रिकाम्या जागी 'चर्चा' टाईप केलं.
शिरोलीच्या आमच्या शेडमध्ये तेव्हा ओतकाम चालू होतं
आणि दस्तगीर मुजावर खिडकीबाहेर
लाकडाच्या भुशानं हात चोळत होता.

चौतीस वर्षं.
नुसता तळवा टेकवून सांगतो
कास्टिंगच्या पोटात हवा अडकलीय की नाही.
दस्तगीर म्हणजे हात धरणारा,
हे त्यानंच मला एकदा सांगितलेलं,
पगाराच्या दिवशी, अंगठ्याची शाई पुसता पुसता.

तिकडं जर्मनीत आमची सहा पंप-केसिंगं थरथरतायत.
गिऱ्हाईक म्हणतं, माणूस पाठवा.
तिथलं सरकार म्हणतं, येऊ दे की,
बघू दे, बोलू दे, कॉफी पिऊ दे.
पाना उचलला की मात्र तो कामगार.
कामगाराचा कागद वेगळा, फी वेगळी,
आणि वर चार महिने.
गेल्या वर्षापर्यंत असं नव्हतं, मगदूम साहेब म्हणतात.
गेल्या वर्षीही ते हेच म्हणाले होते.

मी त्याला समोर बसवून समजावलं,
बालवाडीच्या बाईंसारखं:
हाताची घडी.
तोंडावर बोट नाही, तोंड चालू ठेवायचं.
"आनि नट ढिला दिसला तर वो?"
सांगायचं, ढिला आहे.
"कुठल्या भाषेत?"

लक्ष्मीपुरीतून ब्लेझर आणला, साहेबांच्या खर्चानं.
खिसे शिवलेलेच होते.
दुकानदार म्हणाला, घरी उसवून घ्या.
त्यानं नाही उसवले.

त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर दुसरी फाईल.
आता प्रत्येकाला नियुक्तीपत्र द्यायचं,
साचे भरणाऱ्या ओडिशाच्या पोरांनासुद्धा.
साहेबांनी फंडाचा, ग्रॅच्युइटीचा हिशोब मांडला,
कॅल्क्युलेटर पालथा घातला,
चहा मागवला, तो गार होऊ दिला,
आणि सतरा सह्या केल्या.
बसंत माझी अकरा वर्षं इथं आहे.
कागदावर आजपासून.
"मॅडम, इसमें काम किधर लिखा है?"
मी बोट ठेवून दाखवलं.
कामाचे स्वरूप: साचेकाम.
त्याला मराठी वाचता येत नाही,
तरी त्या दोन शब्दांकडं बराच वेळ बघत राहिला,
कागद कडेला धरून,
काळी वाळू लागू नये म्हणून.

त्या दुपारी मला माझंच कळेना.
एकाच्या पत्रातून जे खोडलं
तेच दुसऱ्याच्या पत्रात टाईप केलं होतं,
त्याच कीबोर्डवर, तीच तीन अक्षरं,
नाही, दोनच. का आणि म.

गुरुवारी साडेतीनला व्हिडिओ कॉल आला.
भला मोठा पांढरा हॉल, जमीन आमच्या देवघरापेक्षा स्वच्छ.
दस्तगीर मधोमध, ब्लेझरात, हाताची घडी घालून.
शेजारी विशीतला एक गोरा पोरगा, पाना घेऊन.
दस्तगीर हनुवटीनं दाखवायचा: तो. नाही, खालचा.
भुवई उचलली की अजून एक आटा,
मान हलली की बस.
पोरगा घामाघूम. केसिंग थरथरतच होतं.
मग हा जरा पुढं सरकला
आणि घडी न सोडता
उजवं कोपर टेकवून उभा राहिला,
पानपट्टीवर टेकतात तसा.
डोळे मिटले.
कोपराबद्दल पत्रात काही नव्हतं.

सोमवारी परत आला. पेढे वाटले.
प्रवासखर्चाची बिलं मी तपासतेय:
टॅक्सी, पाण्याची बाटली, पुन्हा पाण्याची बाटली,
आणि शेवटी, राजारामपुरी,
ब्लेझर ड्रायक्लीन, एकशे ऐंशी रुपये.
उजव्या कोपराला ग्रीसचा डाग.

चर्चेत ग्रीस लागतं का, साहेबांना विचारायचंय.
नाहीतर हे एकशे ऐंशी
कुठल्या खात्यात टाकू?