खिडकी क्रमांक तीन

नेवाडाच्या न्यायाधीशांची सही खरी आहे, मिस्टर एचेव्हेरी,
मी कुठे नाही म्हणतेय?
पण इथे यूटात आली
की तिलाही माझ्या खिडकीशी उभं राहावं लागतं.

आधी नोंदणी. मग मुलीच्या आईला नोटीस.
हरकतीला वीस दिवस.
शेरीफचं नंतर बघू.

तो म्हणाला, मिठाचं मैदान ओलांडायच्या आधीच
घड्याळ तासभर पुढे करावं लागलं.
एक तास तिथेच गेला.

हुकुमाच्या घडीत लोकरीचा धागा अडकलेला,
कागदाला मेंढरांचा वास.
‘अल्पवयीन: मायटे, वय सहा.’
मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाला,
पुढचा दात पडला असेल एव्हाना.

शिक्का मारला. शाई फिकी उमटली
म्हणून पुन्हा मारला,
तसं करायचं नसतं, तरी.

पावती खिशात घालायला त्याला फार वेळ लागला.

काचेतून ट्रक दिसत होता:
मागे लहान मुलाची खुर्ची,
पट्टा लावलेला,
आवळून, कुणी बसलेलं असावं तसा.

पाच वाजले. मी खिडकी ओढून घेतली.
नेवाडात अजून चारच.
तिथली कचेरी उघडी असेल.