नर्लिंग

दात काढले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
दीड महिना काही चावायचं नाही.
हिरड्या भरू देत, मग माप घेऊ.
माप म्हटल्यावर यांनी मान हलवली.
मापाला यांचा विरोध कधीच नव्हता.

त्यानंतर बोलणं बंद.
स म्हणायला गेलं की शिट्टी वाजते,
शिट्टी वाजली की नातू हसतो,
म्हणून भिंतीकडे तोंड करून जेवायचं.
मऊ भात. परत मऊ भात.
पंधराव्या दिवशी वाटी बाजूला सरकवली,
रागानं नाही,
मापात न बसणारा वायसर सरकवावा तशी.

वरच्या खोलीत शाहीन राहते,
बार्शीची, दातांच्या कॉलेजात शिकते.
जिन्यातून वाकून म्हणाली,
"काकी, बटाटे आहेत? काकांना न्योकी करू."
आतून आवाज आला, पंधरा दिवसांतला पहिला:
"नोकरी? कुनाला लागली?"

बटाटे सालीसकट उकडले, गरम असतानाच सोलले.
बोटं भाजली, तरी पोरगी पाण्यात बुडवू देईना.
ओलं झालं की पीठ जास्त खातं म्हणे,
आणि पीठ जास्त झालं की रबर.
मूठभर मैदा, मीठ, बास.
मी जन्मभर शेंगोळे वळले.
हुलग्याचं पीठ राकट, दोन रट्टे दिले की ऐकतं.
हे तसं नव्हतं.
हे आजारी माणसाच्या हातासारखं,
दाबायचं नाही, नुसतं धरायचं.

लांब वळ्या केल्या. सुरीनं तुकडे.
मग तिनं काटा मागितला.
आमच्या घरी काटे म्हणजे
निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या खोक्यातले सहा,
सात वर्षं प्लास्टिकमध्ये.
त्यातला एक काढला, धुतला.
काट्याच्या पाठीवरून अंगठ्यानं
ती एकेक तुकडा घरंगळवू लागली.
प्रत्येकावर बारीक रेघा.

मागं कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही.
"नर्लिंग," म्हणाले.

आम्ही दोघी वळलो.
"असंच असतंय," म्हणाले, शिट्टीसकट.
"गुळगुळीत रॉड हातातनं सटकतो.
रेघा मारल्या की बोटाला धरायला गावतं."
"रस्सा धरायला, काका."
"तेच की."
नातू शाळेत होता, ते बरं झालं.

कोपरापर्यंत हात धुतले. स्टूल ओढलं.
चौतीस वर्षं कुपवाडला लेथपुढं उभं राहून काढलेली;
बसून काम करताना मी पहिल्यांदाच बघत होते.
एक तुकडा उचलून उजेडात धरला.
"ह्यो एक सूत मोठा हाय."
बाजूला ठेवला.
"ह्यो पण रिजेक्ट."
रिजेक्टची ताटली निराळी झाली.
शाहीन काही बोलायला गेली,
मी डोळ्यांनीच गप्प केलं.

उकळत्या पाण्यात सोडले, तसे तळाला गेले.
"आता?"
"थांबायचं. शिजले की आपले आपण वर येतात."
हातात झाकण धरून पातेल्यावर वाकून राहिले,
चष्म्यावर वाफ.
पहिला वर आला तेव्हा
भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि मनात काहीतरी मांडलं.

तिखट चालणार नव्हतं.
तुपात लसूण ठेचून परतला, काढून टाकला,
वर साय, चिमूटभर मिरपूड.
कोपऱ्यावरच्या दुकानातलं चीज
काही केल्या विरघळेना, तारा धरून बसलं.
तसंच वाढलं.

आमच्याकडे तोंड करून बसले.
एक जिभेवर घेतला, टाळूला लावून दाबला.
मी लसणाची सालं गोळा करत राहिले,
गोळा झालेलीच परत.
"मीठ कमी हाय," म्हणाले,
आणि ताटली पुढं केली.

रिजेक्टचे मी खाल्ले, ओट्याशी उभ्यानंच.
एकोणीस होते.
एकातही मला खोट सापडली नाही.
मीठ मात्र खरंच कमी होतं.