उजवीकडे, सलगमांत

पहिल्या टीपासून दीडेकशे पावलांवर
क्लबची जमीन संपते आणि माझे सलगम सुरू होतात.
शनिवारी सकाळी भांडी घासताना खिडकीतून
आधी चार टोप्या दिसतात,
मग हवेत उंच गेलेला एक दांडा,
मग ठप्प,
मग शिवी.

त्या नारळाएवढ्या डोक्याच्या काठीला म्हणे ड्रायव्हर म्हणायचं.
कोण कोणाला हाकतं, ते मला अजून कळलेलं नाही.

चेंडू निघतो सरळ, शहाण्या मुलासारखा,
आणि अर्ध्या वाटेत घरी काहीतरी विसरल्यागत
उजवीकडे वळतो,
मॅक्रोकार्पाच्या कुंपणावरून माझ्या मेंढ्यांत.
मेंढ्या हल्ली मानही वर करत नाहीत.

वारा पश्चिमेचा असला की निदानं इथवर ऐकू येतात.
टी फार खाली खोचलीस, डगल.
चेंडू डाव्या टाचेसमोर घे.
किती आवळतोस? गाईचं आचळ धरतोस तसं धर.
वीस वर्षं मशीननं धारा काढतोय मी, इव्हान,
आचळ कसं धरतात ते गाईलाही आठवत नसेल.
फेतू म्हणतो, दांडाच बदल, हा फार ताठ आहे.
फेतू कत्तलखान्यात हाडं सोडवतो,
त्याचा अवजारांवर विश्वास आहे.
नायरी काही बोलत नाही.
ती डावरी. तिचे चेंडू उलट्या बाजूच्या नाल्यात जातात,
माझ्या बादलीत तिचा एकही नाही,
आणि त्याचं मला थोडं वाईट वाटतं.

डगलचा स्वतःचा इलाज वेगळाच:
चेंडू उजवीकडे जातो ना, मग आपणच डावीकडे वळून उभं राहायचं.
मार्चमध्ये तो झेंड्याच्या थोडा डावीकडे बघायचा,
एप्रिलमध्ये पाण्याच्या टाकीकडे,
जूनमध्ये थेट चर्चकडे तोंड करून उभा.
जितका तो डावीकडे वळला
तितका चेंडू जास्तच वाकला.
माझा नवरा असाच होता.
मी चिडेन म्हणून आधीच माफी मागून ठेवायचा,
आणि मी त्या माफीवरच चिडायची.
आता तो डनीडिनला असतो. बरा आहे म्हणतात.

बादलीतले चेंडू मी पुसून फाटकाशी ठेवते,
डॉलरला दोन, पैसे बरणीत टाका.
डगलच्या चेंडूंवर तीन हिरवे ठिपके.
एक चेंडू त्यानं माझ्याकडून पाच वेळा विकत घेतलाय.

परवा गारांची सर येऊन गेली होती.
डगल चर्चकडे तोंड करून उभा राहिला, दांडा वर गेला,
आणि आवाज निराळा आला,
कोरडा, छोटा, लाकडाची ढलपी एका घावात सुटावी तसा.
पण चौघांच्या माना सवयीनं आधीच उजवीकडे वळलेल्या.
डगलचीसुद्धा.

आले सगळे सलगमांत.
पानं उचलून पाहिली, मेंढ्या हाकलल्या.
फेतूनं हात खांद्यापर्यंत कुंपणात खुपसला.
तीन मिनिटं शोधायचं असा नियम आहे,
यांनी वीस घालवली.
मी चहाची किटली घेऊन बाहेर गेले,
कोण कुठल्या वर्षी शाळेत होतं, कोणाचा गुडघा,
लोकरीचा भाव, असं सगळं बोलून झालं.

खिडकीतून मी पाहिलं होतं.
चेंडू गवताच्या बरोब्बर मध्ये पडला होता,
तिथून मागे बघितलं असतं तर कोणालाही दिसला असता.
मी लगेच सांगितलं नाही.
किटली रिकामी झाल्यावर सांगितलं.

डगल चालत गेला, वाकला,
हिरवे ठिपके मोजले. तीन.
पुन्हा मोजले.
मग तिथूनच ओरडून त्यानं विचारलं,
नायरी, मी उभा कसा होतो?

कोणाचंच लक्ष नव्हतं.